गेनूची अणुविद्या

एका गावात एक भोळा शिपाई होता, नाव गेनू. शाळेची घंटा वाजवायची आणि खिडकीला कान लावून निमकर मास्तरांचं विज्ञान ऐकायचं, हा त्याचा उद्योग. मुलं ऐकून विसरायची. गेनू विसरायचा नाही, हीच पंचाईत.

एकदा मास्तर म्हणाले, "अणूच्या मधोमध एवढंसं केंद्रक. भोवती इलेक्ट्रॉन. बाकी पोकळी. ही भिंतसुद्धा बहुतेक पोकळच!"

"समजलं!" गेनू म्हणाला.

घरी गेला. दार जरा लांब पडत होतं. भिंतीतूनच निघाला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ!

बायको कौतिका हळद लावत म्हणाली, "अहो, शिकायचं तर नीट तरी शिका."

गेनू नीट शिकायला गेला. मास्तर सांगत होते, "क्लोरिनचे बरेच अणू पस्तीस वजनाचे, थोडे सदतीसचे. कार्बनला बारा धरून मोजायचं, सगळ्यांची सरासरी काढायची. साडेपस्तीस. भागलं काम!"

"समजलं!"

घरी सासू आलेली. सासू रांजण, कौतिका पणती. दोघींना बांगड्या हव्या होत्या. गेनूनं दोघींच्या हातांची सरासरी काढून आणल्या. कौतिकाच्या हातातून निसटून फुटल्या, सासूच्या अंगठ्याशी अडकून फुटल्या.

"अक्कल आली की न्यायला या," म्हणून कौतिका आईबरोबर माहेरी निघून गेली.

गेनूला घर खायला उठलं. तो मास्तरांपुढं रडला.

"अरे येड्या, ज्याचं त्याचं वजन वेगळं काढतात! अणूला विजेचा भार देतात, जोरात सोडतात, चुंबकानं वळवतात. हलका जास्त वळतो, जड कमी. आपोआप वेगळे!"

"समजलं!"

गेनू सासरी गेला. सासरे मडकी घडवायचे. म्हणाले, "जावईबापू, एवढी हलकी-जड मडकी वेगळी करा, मग न्या तिला."

गेनूनं शाळेतलं चुंबक खुंटीला टांगलं आणि एकेक मडकं जोरात सोडलं.

सासरे धावत आले. "हे काय केलंत?"

"मामा, एकही वळलं नाही बघा. सगळीच जड दिसतात."

कौतिका आली नाही.

मास्तरांनी हात जोडले. "गेनू, वजनाचा नाद सोड बाबा. हलका असो, जड असो, प्रोटॉन तेवढेच असले की मूलद्रव्य तेच. वागणं तेच. समस्थानिक म्हणतात त्यांना. आता जा, बायकोला घेऊन ये."

"आत्ता समजलं!"

गेनू धावत सासरी गेला. दारात सासू. कमरेवर हात, डोळे मोठे. "आलं का येडं? मडकी कोण भरून देणार?"

गेनूचा चेहरा उजळला. कौतिकासारखाच हात कमरेवर. आवाज तसाच. बोलणं तेच!

"चल घरी," तो म्हणाला.

"चल! त्या मास्तराकडंच ने मला!" सासूनं पदर खोचला.

शाळेत वर्ग भरला होता. गेनू छाती काढून आत शिरला, मागून सासू.

"सर, आणली कौतिका! वजन तेवढं तिप्पट झालंय. पण वागणं तंतोतंत तेच. आता हिलाच नांदवतो!"