सरासरीची शांतता

विमानतळाशेजारच्या तळवलीत विमानांच्या आवाजानं शाळेत शिकवणं अशक्य झालं, तेव्हा मुख्याध्यापिका रोहिणीताई घरत यांनी तक्रार केली. चौकशीला आलेले विमानतळाचे मोठे साहेब शाळेच्या अंगणात गावकऱ्यांना ऐटीत म्हणाले, "आम्ही दिवसभर आवाज मोजला. सरासरी काढली, तर इथं शांतताच आहे. म्हणून माझा निर्णय..."

तेवढ्यात डोक्यावरून विमान गडगडत गेलं आणि साहेब कानांवर हात ठेवून गप्प झाले.

रोहिणीताई हसून म्हणाल्या, "थांबलात का, साहेब? बोला की! सरासरीनं इथं शांतताच आहे."

अंगणभर हशा पिकला. साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी शाळेतच यंत्र बसवून प्रत्येक विमानाचा आवाज वेगळा मोजायला लावला. आकडे पाहून विमानांची वाट बदलली, आणि रोहिणीताईंच्या वर्गातले पाढे पार रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागले.