एका पातेल्यातलं मीठ

"...मग स्वतंत्र गटांची टी-टेस्ट लावली तर बिघडलं कुठं, सर?"

आदिनाथ मगदूम तावातावानं विचारत होता. एम.डी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध घेऊन सबनीस सरांच्या घरी आला होता. पोरगा हुशार, पण आपलंही चुकू शकतं हे त्याच्या गावीही नसायचं. सरांपुढे आवाज चढवायची छाती त्याचीच, दुसऱ्या कुणाची नाही.

संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी शांतपणे विचारलं, गट कुणाचे?

साठीपुढची जोडपी, आदिनाथ म्हणाला. घरातल्या एकानं रोज सकाळी फिरायचं, दुसऱ्यानं नाही. मग दोन्ही गटांच्या रक्तदाबाची सरासरी ताडून बघायची.

"नवरा-बायकोच का घेतलीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं. एका पातेल्यातलं मीठ खातात म्हणून."

"मग आता ती एकमेकांना परकी कशी झाली?"

आदिनाथनं समोरचा प्रबंध मिटला.

उत्तर त्यालाही ठाऊक होतं. इथं नवऱ्याचा आकडा बायकोच्याच आकड्याशी ताडणारी, जोडीची टेस्ट लागते. पण तिच्यात एकाचा आकडा नसला की जोडीदाराचाही गळतो. आणि असं घर एकच होतं.

हेच घर. फिरायचे सर, घरी राहायच्या काकू. शेवटच्या मोजणीआधी काकू गेल्या. तेरावं झाल्यावर सर पुन्हा फिरायला लागले. ठरल्या दिवशी दवाखान्यात आले आणि मुकाट्यानं हात पुढे करून बसले. दंडाला पट्टा बांधताना आदिनाथच्यानं त्यांच्याकडे बघवेना.

"तुमचा आकडा खोडवत नाही, सर," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही आहात की अजून."



मेसचा डबा येऊन पडला होता. सरांनी तो उघडला, वाटीत थोडी आमटी ओतली आणि त्याच्यापुढे सरकवली.

आदिनाथनं एक घोट घेतला. याच घरात काकूंच्या हातची आमटी त्यानं किती वेळा तरी ओरपली होती. वाटी खाली ठेवून तो रडायला लागला.

सरांनी त्याला रडू दिलं. मग पेन उचलून त्याच्या हातात दिलं.

"मला एकट्याला ठेवलंस, तर ती कधी नव्हतीच असं होईल. दोघांनाही काढ."