पुट्टीमावशीने बुजवलेलं विमान

टेबलावरची हत्यारं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. प्लास्टिकच्या एका छोट्या विमानाचे दोन भाग चिकटवले होते, पण मधे शेपटीपर्यंत फट राहिली होती. नखाएवढा वैमानिक बाजूला ताटकळत उभा होता. विमान कपाटात मांडण्याआधी त्याला आत बसायचं होतं.

पुट्टीमावशी ट्यूबमधून बाहेर आली आणि फटीत शिरली. ती वाळल्यावर पॉलिश पेपरने वरून घासलं, तेव्हा सांधा कुठे होता तेच कळेना.

"मावशी, तुमच्या हाताला तोड नाही," वैमानिक म्हणाला. तिथेच त्याचं चुकलं.

कौतुकाने मावशीच्या अंगात आलं. तिने खिडक्या बुजवल्या, चाकांचे खळगे बुजवले.

"मावशी, त्या फटी नाहीत," पॉलिश पेपर कुरकुरला.

"तू आपलं घासायचं बघ. भोक दिसलं की मला राहवत नाही," असं म्हणत मावशीने वैमानिकाची बसायची जागाही लिंपून टाकली.

वैमानिकाने विमानाला प्रदक्षिणा घातली. मग तो अदबीने म्हणाला, "विमान झकास झालंय, मावशी. आता मी आत कुठून जाऊ?"

उत्तर द्यायला मावशीने खूप जोर केला, पण आवाज फुटेना. कामाच्या धुंदीत टोपण लावायचं राहून गेलं होतं, आणि ट्यूबच्या तोंडाशी ती स्वतःच वाळून घट्ट बसली होती.

पॉलिश पेपरने ते तोंड निरखून पाहिलं.

"एवढं एकच राहिलं होतं," तो म्हणाला.