हळदीचा बिबट्या, गेरूचा बिबट्या

फार पूर्वी कोसलदेशी एक राजा सुखाने राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने डोंगराच्या पायथ्याशी वेत्रग्रामात, गावप्रमुखाच्या घरी जन्म घेतला. नाव सोमिल. वडिलांमागे प्रमुखपण त्याच्याकडे आलं.

त्या गावची माणसं भलती दयाळू. म्हणजे स्वतःला तसं समजायची. बिबट्याने बकऱ्या धरायला सुरुवात केली की ती त्याला मारत नसत. पिंजऱ्यात पकडत, पाठीवर तेलात कालवलेली हळद ओतून मानाने निरोप देत, आणि गाडीत घालून नदीपलीकडच्या रानात सोडून येत. हत्येचं पाप नाही, डोक्याला ताप नाही. सगळे हात झटकून मोकळे!

गावालगतच्या ओढ्यात कान फाटलेली एक मादी वर्षानुवर्षं राहत होती. कुत्रं न्यायची, कधी एखादी बकरी न्यायची, पण माणसाची चाहूल लागली की झुडपात दडायची. एका उन्हाळ्यात तिने बकऱ्यांचा फारच फडशा पाडला, तेव्हा गावाने तिलाही हळद लावून पलीकडे पोचवलं. ओढा रिकामा झाला.

रिकामा कसला! थोड्याच दिवसांत तिथे दुसराच बिबट्या आला. त्याने सोमिलच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, उप्पलाचा, मुलगा रेवत गोठ्याच्या दारातून उचलला. गावाने त्या बिबट्याला भाल्यांनी मारलं. उप्पलाचा आक्रोश ऐकवत नव्हता. सोमिलही रडला, आणि रडता रडता त्याचं लक्ष त्या मेलेल्या जनावराकडे गेलं. पाठीवर गेरू होता, तेलात कालवलेला. गेरू? या गावात तर हळद लावतात. म्हणजे हा दुसऱ्याच कुणीतरी आणून सोडलेला.

सोमिल तसाच नदी उतरून पलीकडच्या शिलाग्रामात गेला. तिथले लोकही असेच दयाळू निघाले. ते गेरू लावत आणि आपले बिबटे अलीकडे आणून सोडत. तिथल्या प्रमुखाने त्याला पाणी दिलं, रेवतचं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "आमच्या त्या गेरूवाल्याने जन्मात माणसाला नख लावलं नव्हतं हो. तुमच्याच एका हळदवाल्याने मात्र इथल्या म्हातारीला फाडली."

सोमिलला उलगडा झाला. पाणी कुठे, ससे कुठे, माणसाची वाट कुठली, यातलं काही ठाऊक नसलेल्या मुलखात टाकलेलं ते जनावर. भेदरलेलं आणि उपाशी. ते अंगावर येणार नाही तर काय करणार? दोन्ही गावं दया म्हणून एकमेकांच्या दारात मरण नेऊन ठेवत होती. तो तडक घरी निघाला.

परतला तर गावात गलका. पिंजऱ्याचं दार पडलं होतं, आणि आत तीच कान फाटलेली मादी! नदी ओलांडून ती आपल्या ओढ्यात परत आली होती. पाठीवर अजून पिवळट डाग होता. लोकांनी गाडीला बैल जुंपले होते. हळदीची वाटी उप्पलाच्या हातात दिली होती. ज्याचं माणूस गेलं, त्याचा तो मान.

सोमिल गाडीला आडवा उभा राहिला. "ही कुठेही जाणार नाही. हिला इथेच सोडायचं."

"डोकं फिरलंय का तुमचं?" लोक ओरडले. "उद्या हिने आमची पोरं नेली म्हणजे?"

"हिला नेलं तर हिच्या जागी कोण येईल, मला ठाऊक नाही. ही कोण आहे, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गोठ्यांना भिंती घालू. मेलेली ढोरं गावाजवळ टाकायची नाहीत. दिवेलागणीआधी पोरं घरात. पहिली भिंत मी बांधतो. पण गाडी हलवायची असेल, तर माझ्या अंगावरून हलवा."

कुणी त्याचा दंड धरला, कुणी ढकललं. तो तसूभर सरकला नाही.

मग उप्पला पुढे आली. "भावोजी, माझा रेवत गेला. आणि तुम्ही जनावराची बाजू घेता?"

"रेवतला मी मांडीवर खेळवलाय गं," सोमिल म्हणाला. "त्याला नेणारा बिबट्या शिलाग्रामच्या भल्या माणसांनी इथे आणून सोडला होता. गेरू लावून, मानाने. आपण सोडतो तसाच."

उप्पलाने जुंपलेल्या गाडीकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "ही गाडी पलीकडे जाते, तिथे घरं आहेत?"

"आहेत."

"पोरं?"

"आहेत."

तिने हातातली वाटी पालथी केली. हळद मातीत गेली. "बैल सोडा," ती गाडीवानाला म्हणाली.

लोकांना घरांत पाठवून सोमिलने झाडावरून दोराने पिंजऱ्याचं दार वर ओढलं. मादी बाहेर आली आणि सरळ ओढ्यात शिरली. त्याच दिवशी त्याने उप्पलाच्या गोठ्याची भिंत रचायला घेतली. पुढे शिलाग्रामातही जाऊन बसला, आणि लोकांनी गेरूचं मडकं फोडेपर्यंत उठला नाही. मादी त्या ओढ्यातच म्हातारी झाली. कुत्री नेली, माणसाला कधी शिवली नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा संपवली तेव्हा समोरचे भिक्षू खाली बघत होते. आपल्या एका तापट सोबत्याला शेजारच्या विहारात धाडायचं ठरवून ते अनुमती घ्यायला आले होते, आणि तो बिचारा गाठोडं बांधून दाराशी उभा होता.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, दोन्ही तीरांवरचे ते गावकरी म्हणजे तुम्हीच. कान फाटलेली मादी म्हणजे हा तुमचा सोबती. उप्पला म्हणजे त्या कोपऱ्यात बसलेली थेरी, ती वृद्ध भिक्षुणी. आणि गाडीला आडवा उभा राहिलेला सोमिल मी होतो. करुणेला जागचं हलू न देणारा निश्चय, ती अधिष्ठान पारमिता, मी त्या जन्मी पाळली. आता त्याचं गाठोडं सोडा."