तुझे तुला

पूर्वी पद्मनगरात जयबल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीपलीकडच्या डोंगरात, कंद खणून जगणाऱ्या लोकांत जन्मले आणि पुढे त्यांचे मुखिया झाले. त्या लोकांची एक रीत होती. कंद काढला की त्याचे वेलाकडचे टोक कापून खड्ड्यात परत ठेवायचे, माती लोटून टाचेने दाबायचे आणि ‘तुझे तुला’ म्हणायचे.

एकदा राजाचे रत्न चोरीला गेले. शोधासाठी आलेल्या विकटक सेनापतीने झाडाआडून हे सारे पाहिले. लोक काहीतरी पुरतात आणि वर मंत्र पुटपुटतात, एवढे त्याला बस झाले. तो पुढे येऊन मुखियावर ओरडला,

“काय पुरलंस, म्हाताऱ्या?”

“कंदाचं टोक. पाऊस आला की त्यातून पुन्हा वेल येतो.”

“हाती आलेलं कोणी परत मातीत घालतं का? रत्न दे, नाहीतर वस्ती उठवतो.”

कावीळ झालेल्याला सगळे पिवळेच दिसते. सैनिकांनी अख्खा उतार खणून काढला आणि निघालेली टोके भिरकावून दिली. रत्न मिळाले नाही, तेव्हा सेनापतीचा संशय दुप्पट झाला. इतके जपून लपवतात, म्हणजे रत्न एक नसणार!

तेवढ्यात नदीला अवकाळी पूर आला. धान्याच्या गाड्या पलीकडेच अडकल्या आणि छावणीतल्या चुली विझल्या.

खिंडीपलीकडचा एक उतार अजून शाबूत होता. सैनिकांना तो ठाऊक नव्हता. वस्तीचे वर्षाचे अन्न आता तेवढेच होते. तिथल्या कंदांची टोपली घेऊन बोधिसत्त्व छावणीकडे निघाले, तेव्हा त्यांची मुलगी उप्पली वाट अडवून उभी राहिली.

“बा, आज कंद देशील, उद्या ते तुझ्या मागावर येतील. तोही उतार गेला तर आपण खायचं काय?”

“येतीलही, पोरी. मलाही भीती वाटते. पण भुकेल्याकडे पाठ फिरवून मातीला ‘तुझे तुला’ कोणत्या तोंडानं म्हणू?”

उकडलेले कंद पाहून विकटक म्हणाला, “यात विष आहे.” बोधिसत्त्वांनी वरचा कंद खाल्ला. “खालचा खा.” त्यांनी खालचाही खाल्ला. “मधला.” तोवर सैनिकांचा धीर सुटला आणि टोपली रिकामी झाली.

“बदल्यात काय हवं?” सेनापतीने डोळे बारीक करून विचारले.

“उद्यापासून तुमचं तुम्ही खणा. टोक मात्र आपल्या हातानं परत ठेवा.”

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी नेऊन दाखवलेल्या खिंडीपलीकडच्या उतारावर विकटकाने पहिला कंद खणला. त्याच्या टोकाशी एक जुना, बुजलेला काप होता.

“हा कोणी कापला?”

“माझ्या बापानं असेल. नाहीतर त्याच्या बापानं.”

विकटकाने त्या कापावरून बोट फिरवले आणि टोक कापून घेतले. मग त्याने ते खड्ड्यात ठेवले आणि टाचेने माती दाबली. पूर ओसरताच त्याने राजाला निरोप धाडला, “डोंगरात पुरलेले सापडले. ते आपले नाही.”

एवढी कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, थांबले. समोर एक भिक्षू वनातल्या बाईने वाढलेला कंद पात्रातल्या पात्रात संशयाने उलटसुलट करीत बसला होता. शास्ते त्याला म्हणाले, “तेव्हाचा विकटक तू होतास. उप्पली म्हणजे तुला कंद वाढणारी ही उपासिका. मुखिया मीच होतो.”

भिक्षूने घास घेतला. लुबाडले जाण्याची भीती असतानाही भुकेल्यापुढे टोपली ठेवणे, ही मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेली मैत्री.