पाटीवरचे शून्य

एका कारखान्यात एकदा एक वृद्ध मानसशास्त्रज्ञ आपल्या शिष्येचे काम पाहायला गेले. यंत्रापाशी वावरणारा माणूस धोका का पत्करतो, याचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली होती. तीच विद्या शिकून शिष्या आता तिथे कामगारांची सुरक्षा पाहत होती.

फाटकापाशी तिने पाटी लावली होती: 'अपघाताविना दिवस ३४१'. वर्ष पूर्ण झाले की प्रत्येकाला प्रेशर कुकर मिळणार होता. आता कुकरसाठी कोणी बोटे सांभाळतो का, असे तुम्ही म्हणाल. पण आकडा चढत होता खरा, आणि गुरूंनी पाठ थोपटावी म्हणून बिचारी सकाळपासून आसुसली होती.

दुपारी दोघे कामगारांबरोबर जेवायला बसले. गुरूंनी अर्धी भाकरी तशीच ठेवली, फाटकापाशी जाऊन रुमालाने आकडा पुसला आणि तिथे शून्य लिहिले. शिष्येचा चेहरा खर्रकन उतरला.

"सर, माझं काय चुकलं?" तिला रडूच येत होते.

"अगं, समोरचा हणमंत डाव्या हाताने जेवत होता. उजवा खिशात. एवढी थट्टामस्करी चालली होती, पण त्यावरून त्याला एकानेही छेडलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. चोवीस दिवस उरलेत. तो बोलला तर सगळ्यांचे कुकर जातात."

ती धावत गेली. हणमंतने ओशाळून हात बाहेर काढला. चिंधीखाली तळवा सुजून काळानिळा झाला होता. तीन दिवस तो जखमेत हळद भरून काम करत होता. तिने त्याला तडक दवाखान्यात नेले. एक बोट गेले, हात थोडक्यात वाचला.

संध्याकाळी ती गुरूंना म्हणाली, "मला वाटलं, अपघात थांबले."

"थांबलं होतं ते सांगणं. मीही असाच फसलो होतो. माझ्या पहिल्या कारखान्यात अशाच पाटीपायी रंगनाथ नावाच्या कामगाराने जखम लपवली. त्याचा हात कोपरापासून कापावा लागला. शुद्धीवर येताच मला म्हणाला, 'साहेब, माझ्यामुळे पाटीवर शून्य आलं, माफ करा.'" गुरूंनी पाटी पुसलेला रुमाल खिशात कोंबला. "पाटी कशी लावायची, ते मी तुम्हाला वर्गात शिकवलं. रंगनाथचं सांगायची मात्र लाज वाटली."

हणमंतच्या बोटाचा दोष आता एकट्या शिष्येचा उरला नव्हता, पण तेवढ्याने तिला मुळीच बरे वाटले नाही.