हावेआची फाटकी चटई

खूप जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा दर्यावर्दी माणसं ताऱ्यांकडे बघून होड्या हाकत आणि लाटांच्या आवाजावरून किनारा ओळखत. त्या काळी दक्षिणेच्या महासागरात, टोंगाच्या बाजूला, एक छोटंसं बेट होतं.

तिथले पुरुष कमरेला पोटऱ्यांपर्यंत येणारं एक साधं वस्त्र गुंडाळत. त्याला ते तुपेनू म्हणत. या तुपेनूवर ते आणखी एक गोष्ट गुंडाळत, ती म्हणजे चटई! केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं वाळवून, त्यांच्या पट्ट्या काढून बायका ती विणत आणि पुरुष ती काथ्याच्या दोरीने कमरेला घट्ट बांधत. तिचं नाव ताओवाला.

तुम्हाला हसू येईल, मुलांनो. चटई काय, कमरेला बांधायची? पण त्या बेटावर ताओवाला न बांधता थोरांसमोर जाणं म्हणजे त्यांचा अपमान करणं. होडीत असा, शेतात असा, तिथे कसेही राहा. देवापुढे, सभेत, लग्नात आणि मयताला मात्र ती हवीच. माणूस कुठे निघालाय आणि कोणाला मान द्यायला निघालाय, ते तिच्याकडे बघूनच कळायचं. सणासुदीला बारीक विणीची मऊ चटई. त्याहून मानाची पणजोबांच्या वेळची, जुनी होऊन मधाच्या रंगावर आलेली. आणि आपल्याहून थोर माणूस गेलं, तर जाडीभरडी, फाटकी, पार छातीपर्यंत येणारी चटई. जितकी फाटकी, तितका गेलेल्या माणसाचा मान मोठा.

आणखी एक रीत होती. भावापेक्षा बहीण थोर. मग ती वयाने धाकटी असो, गरीब असो, भाऊ साऱ्या बेटाचा सरदार का असेना.

त्या बेटाचा सरदार होता हावेआ. उंचापुरा, रुंद खांद्यांचा. शेजारच्या बेटांवरचे लोक भाले घेऊन आले होते तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे उभा राहिला होता. त्याने कोणापुढे मान झुकवलेली कोणी पाहिली नव्हती, एक त्याची बहीण लुपे सोडली तर.

लुपे विधवा होती. किनाऱ्याच्या वाटेवर एका साध्या झोपडीत राहायची आणि चटया विणायची. वयात आल्यावर भाऊ-बहिणीने एका छपराखाली बसायचं नाही, असा तिथला रिवाज होता. त्यामुळे कित्येक वर्षांत दोघं शेजारी बसली नव्हती. पण होडी परत आली की पहिला मासा लुपेच्या दारात जायचा, आणि हावेआच्या घरी नवी चटई आली की वीण बघून तो ओळखायचा, ही ताईची.

एके दिवशी बेटाबाहेरच्या खडकांपाशी मोठमोठी परकी गलबतं येऊन थांबली. त्यांच्या मुख्य अधिकाऱ्याने दुभाष्याला होडीतून पुढे पाठवलं. दुभाष्या म्हणाला, "आमच्या सम्राटाचे दूत उद्या सकाळी किनाऱ्यावर उतरणार आहेत. बेटाच्या वतीने जो कोणी बोलेल, त्याने समोर हजर राहावं."

दुसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला, लुपे गेली.

हावेआ जाडीभरडी चटई शोधू लागला. तेवढ्यात त्याचा म्हातारा कारभारी आला. त्याच्या हातात झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली पणजोबांची चटई होती.

"सरदार, आज ही बांधा," कारभारी म्हणाला.

"माझी ताई गेलीय, बाबा."

"ठाऊक आहे. माझेही डोळे कोरडे नाहीत. पण परके लोक उतरतायत. त्यांना आपल्या रीती काय कळणार? तुम्ही फाटकी चटई बांधून समोर गेलात तर म्हणतील, ज्याचा सरदारच भिकारी, त्या बेटावर पाय ठेवायला कितीसा वेळ लागतो? आज रुबाबात उभे राहा. सुतक संध्याकाळपासून पाळू."

बोलणं चुकीचं वाटत नव्हतं. बेट छोटं होतं आणि गलबतं मोठी होती. हावेआने मधाच्या रंगाची चटई कमरेला बांधून घेतली आणि तो किनाऱ्याकडे निघाला. वाट लुपेच्या दारावरूनच जात होती. न बघता पुढे जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

दारात लुपेची मुलगी हेलाला उभी होती. मामाची चटई पाहून घरातल्या बायकांचं रडणं थांबलं.

"मामा, या चटईत तुम्हाला अंगणातही येता येणार नाही," हेलाला म्हणाली.

"यायला नाही आलो, पोरी. ते दूत उतरतायत. त्यांना वाटेला लावतो आणि मग येतो."

"बरं. फार थोर असतील ते."

"थोर कसले? त्यांची गलबतं मोठी आहेत, एवढंच."

"मग आईला सोडून आधी त्यांच्याकडे का निघालात?"

हावेआने उभ्या आयुष्यात कोणाच्या भाल्याला पाठ दाखवली नव्हती. पण भाचीच्या या प्रश्नापुढे त्याला मान वर करता येईना. मग त्याने कमरेची दोरी सोडली, पणजोबांची चटई घडी करून कारभाऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "हेलाला, घरातली सगळ्यात फाटकी चटई दे मला."

तिने चुलीपुढची चटई आणून दिली. धुराने काळवंडलेली, निखाऱ्यांनी भोकं पडलेली, कडा उसवलेल्या. हावेआने ती छातीपर्यंत ओढून घेतली आणि दोरी आवळली.

"सरदार, लोक बघतायत हो," कारभारी कळवळून म्हणाला.

"बघू देत. कोणाचं माणूस गेलंय, ते कळायला नको का त्यांना?"

आणि तो चालू लागला. पाठ ताठ, पावलं संथ. वाटेवर उभ्या असलेल्या लोकांनी सरदाराला बघितलं आणि ते एकेक करून आपापल्या घराकडे वळले. हावेआला वाटलं, आपली लाज वाटून गेले असतील. तो थांबला नाही.

दूतांचा अधिकारी वाळूवर उतरला होता. निळा अंगरखा, सोनेरी गुंड्या, मागे शिपाई आणि एकाच्या हातात गुंडाळलेला झेंडा. समोरचा माणूस बघून शिपाई खुदकन हसले.

"तुमचा सरदार कुठे आहे?" दुभाष्याने विचारलं.

"मीच."

अधिकाऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "सरदार असे कपडे घालतो?"

"रोज नाही. माझी बहीण आज वारली. माझ्याहून थोर माणूस जातं, तेव्हा हे बांधतो आम्ही."

"तुमची राणी होती ती?"

"नाही. चटया विणायची."

अधिकारी हसला. "मग आमचं काम सोपं झालं. चटया विणणाऱ्या बाईसाठी जो इतका खाली येतो, त्याला आमच्या सम्राटाच्या झेंड्यापुढे गुडघे टेकायला काय हरकत?"

हावेआ शांतपणे म्हणाला, "हे वाकायचे कपडे आहेत. हे मी माझ्या बहिणीसाठी बांधलेत. पाहुण्यांसाठी माझ्याकडे दुसरी चटई आहे, फार सुंदर आहे ती. पण तिच्यात आम्ही उभे राहतो."

अधिकारी उत्तर द्यायला गेला, पण त्याची नजर दुसरीकडेच गेली. तो हावेआच्या मागे बघत होता. हावेआने वळून पाहिलं.

साऱ्या बेटावरचे पुरुष माडांच्या गर्दीतून बाहेर येत होते. घराकडे वळलेलं एकही माणूस मागे राहिलं नव्हतं. कोणी जमिनीवर अंथरलेली चटई उचलून बांधली होती, कोणी होडीतली, कोणी मासे वाळवायची. एकाच्या चटईतून अजून वाळू गळत होती. सगळ्यांत शेवटी धापा टाकत कारभारी आला. त्याची चटई इतकी मोठी होती की हनुवटीला लागत होती. ते सगळे येऊन सरदाराच्या मागे उभे राहिले. ताठ, निमूट.

हावेआ पुन्हा अधिकाऱ्याकडे वळला.

"यांना असं यायचा हुकूम कोणी दिला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कोणी नाही."

"न येणाऱ्याला शिक्षा काय?"

"काही नाही. पण जो आला नसता, त्याच्याशी त्याची स्वतःची बहीण बोलली नसती."

अधिकाऱ्याने त्या फाटक्या चटयांच्या रांगेवरून नजर फिरवली. असंख्य लोकांना गुडघे टेकताना त्याने पाहिलं होतं, पण ते भीतीपोटी. धाक दाखवायला कोणी नसताना, आपल्या मर्जीने, एका चटईवालीसाठी खाली उतरलेले हे लोक वेगळेच होते. आपल्याजवळ यांना भिववील असं काही नाही, हे त्याला उमगलं. त्याने शिपायाला खूण केली. झेंडा न उलगडता होडीत परत गेला.

"अंत्यविधी कधी आहे?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"आजच."

"आम्ही लांबून उभे राहिलो तर चालेल?"

"चालेल," हावेआ म्हणाला. "पण कमरेला काहीतरी बांधावं लागेल."

एका कोळ्याने शिडाचा जुना तुकडा आणून दिला. अधिकाऱ्याने तो आपल्या निळ्या अंगरख्यावर गुंडाळला. या वेळी त्याचे शिपाई हसले नाहीत.

त्या दिवशी लुपेच्या घरी अधिकाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसली. सरदार मयतापाशी बसला नव्हता. तिच्यापाशी मानाने बसली होती हेलाला. रीतीप्रमाणे बहिणीहून लहान म्हणून हावेआ झोपडीमागे, लहान मानाच्या लोकांमध्ये, आलेल्या माणसांसाठी कंद भाजत होता. धूर अंगावर घेत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःखाइतकाच अभिमान होता. एवढी वर्षं ज्या बहिणीशेजारी त्याला बसता आलं नव्हतं, तिच्यासाठी आज तो हाताने राबत होता.

गलबतं परत गेली. सम्राटाने विचारलं, "बेट का घेतलं नाहीस?"

अधिकारी म्हणाला, "महाराज, बेट मिळालं असतं, माणसं मिळाली नसती. कोणापुढे वाकायचं, ते त्यांनी आधीच ठरवलंय."

त्यानंतर त्या बेटावर परकी गलबतं पुष्कळ आली. ती देवाणघेवाण करायची, पाणी भरून घ्यायची आणि निघून जायची. पण झेंडा रोवायला कोणी उतरलं नाही.

बाळगोपाळांनो आणि थोरांनो, या कथेतून गाठीशी बांधायचं ते इतकंच: कोणाला मान द्यायचा हे ज्याने मनापासून ठरवलेलं असतं, त्याची मान दुसरा कोणी झुकवू शकत नाही.